न लावलेलं रीळ

अहो,

तुमची तुकडी कुठे आहे ते कुणी सांगत नाही, त्यामुळे हे पत्र पाठवायचं कुठे, प्रश्नच आहे. तरी लिहितेय, हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून.

थिएटरातलं तुमचं मशीन आता मी चालवते. मालकांनी विचारलं, "बाईमाणसाला जमेल का?" म्हटलं, बाईमाणसाशिवाय उरलंय कोण इथे?

सध्या लढाईच्या काळातला तो जुना सिनेमा लागलाय. त्यात लढाई दिसतच नाही, नुसतं एक घर दिसतं. आई मटार सोलत बसलेली असते, दार वाजतं आणि मुलगा गेल्याची तार घेऊन पोस्टमन उभा असतो. पहिल्याच खेळाला दार वाजलं तशा तुमच्या आई उठून चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग अर्धं थिएटर.

दुसऱ्या दिवसापासून ते रीळ मी लावतच नाही. मुलगा गाडीत बसतो आणि एकदम शेवटच येतो. गोष्टीचा काही मेळ लागत नाही, पण मालक सोडले तर कुणाची तक्रार नाही. आईसुद्धा परत येऊ लागल्यात.

घरी मात्र बाहेर सायकल थांबली तरी माझ्या हातातलं भांडं निसटतं. आईंनी वेगळीच तोड काढलीय. उठल्यापासून झोपेपर्यंत दार सताड उघडं. धूळ येते, कुणाचीही मांजरं शिरतात. काल मी चिडून भांडलेच. त्या एवढंच म्हणाल्या, "उघडं दार कोणी वाजवत नाही, बाळ."

तेव्हा याल त्या दिवशी दार वाजवू नका. सरळ आत या.

तुमची,
मशीनवाली