पुरेशी विश्रांती

सोमवार, ३ मार्च

झाला एकदाचा! चाकणच्या कारखान्यात शिफ्ट लावणारा आमचा प्रोग्रॅम — त्याच्या टेस्टसाठी रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःचा मॅचर, म्हणजे उत्तर बरोबर की चूक ते ठरवणारा तुकडा, लिहिला. रात्रपाळीनंतर माणसाला बारा तास मोकळे मिळतात का, हे तपासायला दर टेस्टमध्ये त्याच सहा ओळी खरडायचे. आता एकच वाक्य — या यादीत पुरेशी विश्रांती आहे. सगळं हिरवं, म्हणजे पास! निरंजनसरांनी आकुर्डीच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं.

मंगळवार, ४ मार्च

चाकणला सुरू झालं. छान झोप लागली.

सोमवार, १२ मे

नवी आलेली साक्षी विचारते, "ताई, हा मॅचर लाल कधी होतो?" — मी कधी बघितलंच नव्हतं! मुद्दाम चुकीची यादी दिली: रात्रपाळी सुटली की लगेच सकाळपाळी. हिरवी. परत दिली. हिरवी!

चूक माझीच. रुबी शेवटच्या ओळीलाच उत्तर धरते. तासांची तुलना वर राहिली, आणि शेवटच्या ओळीत मी टेस्ट नापास झाली तर दाखवायचा मजकूर जुळवत बसलेय. मजकूर म्हणजे रुबीच्या लेखी 'हो'. दोन महिने काहीही दिलं तरी 'हो'च.

मंगळवार, १३ मे

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी दुरुस्त कर. उद्या दोघं चाकणला जाऊ."

ओळ हलवली — दोन मिनिटांचं काम. सतरा टेस्ट लाल. आठवडा बदलला की प्रोग्रॅम रविवारची रात्रपाळी विसरतोय. म्हणजे दर सोमवारी कुणीतरी रात्रभर जागून परत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर!

लहानपणीचे थेरगावचे दिवस आठवले. बाबा डबल ड्युटी करून जेवायला बसायचे — घास हातात तसाच, डोळे मिटलेले.

बुधवार, १४ मे

प्रेस शॉपचे सुपरवायझर सोपानराव. साठीला आलेले. म्हटलं, "चूक माझी आहे. कुणाला लागलं तर नाही ना?"

"न्हाई ताई. दर सोमवारी दोघांची नावं चुकायची. डुलकी लागली की बोटं जात्यात. म्हणून त्यातल्या एकाला घरी धाडायचो, दुसऱ्याला मशीनवरनं काढून पॅकिंगला बसवायचो."

हायसं वाटलं. सहज विचारलं — मग मशीनवर कोण?

"मीच की. रात्रपाळी करून तिथंच थांबायचो."