सुपडाच्या हातचं भरीत

सौ. कौतिकबाईस पुण्याहून चुडामणचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. बोटं आखडल्याने अक्षर वाकडं येतं, घाबरू नकोस.

माझ्या पोटात कोणी काही घातलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, क्वचित होणारा आजार आहे. अंगाची राखण करणारी शक्तीच उलटते, अन्ननळी कडक करते, म्हणून घास छातीत अडकतो.

सुपडाने भरितातून करणी केली, हे भगताचं ऐकून तू त्या धाकट्या जावेला घर बंद केलंस. आजच तिला बोलाव. भगताला उंबरा चढू देऊ नकोस. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना?

गाव काय बोलायचं ते बोलो. मी आलो की सगळ्यांदेखत ओट्यावर बसून तिच्याच हातचं भरीत खाणार. बिनमिरचीचं, घासागणिक पाणी पीत, तासभर लागला तरी.

तुमच्या सगळ्यांच्या काळजीत असलेला,
चुडामण