काळ्या शेळीचा काढा आणि माझे गाल

तीर्थस्वरूप बोक्सुन मावशीस,

गुन्सानहून तुझ्या मीरानचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? किमचीच्या हंड्या गच्चीवर कुणी ठेवायच्या यावरून शेजारणीशी चाललेलं भांडण मिटलं का? (नसेल तर घाईनं मिटवू नकोस, त्यानं तुला तरतरी राहते.) आमचे हे तुला नमस्कार सांगतात. दुकान बरं चाललंय.

माझ्या तब्येतीचं तू विचारशीलच, म्हणून तेच आधी सांगते. सांधे धरणाऱ्या या ल्युपसनं पहिल्यांदा गाठलं तेव्हा सकाळी माझी मूठ मिटत नव्हती, आणि किंबाप विकणाऱ्या बाईला शेवाळाच्या पानात भात गुंडाळता येईना म्हणजे दुकानाला कुलूपच. तेव्हा तू आंदोंगहून आलीस, माझं डोकं धुतलंस, गल्ल्यावर उभी राहिलीस आणि गिऱ्हाइकांना शिव्या घालघालून जेवू घातलंस. ती माणसं अजून विचारतात, त्या रागीट बाई परत कधी येणार म्हणून. पुढे स्टेरॉइडनं आणि डॉक्टरांनी जोडीला दिलेल्या एका नव्या गोळीनं माझे हात सुटले. मी पुन्हा भात गुंडाळायला लागले, आणि त्या आनंदात बाकीचे ताप मी हसत सोसले. कॅल्शियमच्या गोळीनं पोट साफ होईना. माशाच्या तेलाच्या गोळीनं गिऱ्हाइकासमोर बांगड्याचे ढेकर यायचे (लोकांना वाटायचं, दुकानात नवा पदार्थ आलाय). आणि स्टेरॉइडनं गाल असे फुगले की बाजारातल्या बायका म्हणायला लागल्या, मीरानचं नशीब उघडलं, चेहरा कसा भरलाय बघा. इतकं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं.

त्यात तुझं खोकं आलं. काळ्या शेळीचा काढा, पाकिटांत भरलेला. असंच खोकं तू स्वतःलाही घेतलंस आणि फोनवर बजावलंस की आपण दोघींनी एकाच वेळी प्यायचा, म्हणजे गुण लवकर येतो. मी सकाळ-संध्याकाळ आंदोंगकडे तोंड करून प्यायले. चव कशी होती ते मी तुला सांगणार नाही, कारण तू मला आईच्या जागी आहेस.

मग हळूहळू घोटे दिसेनासे झाले, पोटऱ्यांत गोळे यायला लागले आणि रक्तदाब चढला. आमचे डॉक्टर प्यो तरुण आहेत, काडीसारखे, आणि कॉम्प्युटरमधून मान वर काढत नाहीत. त्यांनी विचारलं, आणखी काही औषध घेता का. मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. खोटं बोलले नाही गं. शेळीला औषध कोण म्हणतं? पुढच्या खेपेलाही रक्तदाब उतरला नाही, तेव्हा ते म्हणाले की ही करामत नव्या गोळीची दिसते, पुढच्या वेळी ती बंदच करू. मावशी, त्याच गोळीवर माझे हात चालत होते.

आता डॉक्टरांचं मन वळवायचं तर रिकाम्या हातानं कसं जाणार? शिवाय ते इतके वाळलेले, की मला त्यांची दयाच यायची. मी तू मागाहून पाठवलेलं दुसरं, न उघडलेलं खोकं रेशमी कापडात बांधून नेलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. भेटवस्तू घ्यायची नाही असा त्यांच्याकडे नियम आहे, पण परत करताना त्यांनी खोकं उलटं केलं आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"हे तुम्ही पिता?"

"दोन्ही वेळा. पण हे औषध नाही डॉक्टर, शेळी आहे."

"शेळीबद्दल माझी तक्रार नाही. हिच्यासोबत ज्येष्ठमध किती घातलाय, ते वाचलंत का?"

त्यांनी समजावलं की इतका ज्येष्ठमध रोज पोटात गेला की रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, पायांत गोळे येतात, आणि स्टेरॉइडचा जोरही वाढू शकतो. त्यांनी काढा थांबवला आणि गोळी राहू दिली. आता रक्तदाब उतरलाय, घोटे परत आलेत, आणि मुख्य म्हणजे हात शाबूत आहेत. (गालही थोडे उतरले. बाजारातल्या बायका हळहळतात.)

तुझं काही चुकलं नाही, मावशी. काढेवाल्याला तू सांगितलंस, माझ्या पोरीला जे जे चांगलं ते सगळं घाल, आणि त्यानं ते घातलं. माझ्यासाठी असं कुणी सांगतं, याचंच मला भरून येतं. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

तुझीच,
मीरान

ता. क. काढा आता पाठवू नकोस. उरलेली पाकिटं माझ्यानं फेकवली नाहीत. फ्रिजमध्ये आहेत, दार उघडलं की तू आल्यासारखी वाटतेस.

आणखी एक ता. क. परवा फोनवर तू म्हणालीस की बुटांत पाय जात नाहीत आणि झोपेत पोटरीत गोळे येतात. मी विचारलं, काही औषध घेतेस का, तर म्हणालीस, "मी कुठलं औषध घेते गं?" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एवढं पुराण त्यासाठीच लिहिलं. आजपासून एक घोटही घेऊ नकोस, पोटरीतल्या गोळ्यांनी बेजार झालीस किंवा छातीत धडधडलं तर लगेच तिथल्याच दवाखान्यात जा, नाहीतर गुरुवारी पहिल्या बसनं इकडे ये. डॉक्टर प्योंकडे तुझ्या नावानं वेळ घेतलीये. खोकं बरोबर आण, पण त्यांना भेट म्हणून देऊ नकोस, नुसतं वाचायला दे. स्टँडवर मी स्वतः येईन. माझी मूठ आता घट्ट मिटते. या खेपेला तुझं डोकं मी धुणार.