शंभर दाण्यांचा कट

३ ऑक्टोबर

आजपासून सावध राहायचं ठरवलं आहे. तसा मी असतोच, पण आता जास्त.

कारण, स्कूटरवाली बाई आज परत आली. कुठल्याशा संस्थेची आहे. लहान शेतकऱ्यांना स्वस्तातली अवजारं आणि युक्त्या शिकवते. तेही फुकट. फुकट शिकवणाऱ्याच्या मनात काय असतं, हे कुणी विचारत नाही. मी विचारतो. (मनात.)

आमच्या अंगणात बायका जमवून तिनं एक पाइप दाखवला. साधा प्लॅस्टिकचा पाइप, खाली टोकदार तोंड. जमिनीत टोचायचा, वरून दाणा सोडायचा. न वाकता उभ्याउभ्या पेरणी. शेतकरी वाकला नाही तर तो शेतकरी कसला? जाताना आमच्या शेतातली मूठभर माती बाटलीत घेऊन गेली. पाण्यात हलवून थर बघणार म्हणे. माझी माती, माझे थर. हिला काय करायचंय?

बायको सगळ्यांत पुढे बसली होती. नोंद घेतली.

४ ऑक्टोबर, सकाळी पावणेआठ

पहाटे पाचला उठून पाळत ठेवायची होती. जमलं नाही. अलार्म वाजला होता असं बायको म्हणते. पुरावा नाही.

महत्त्वाचं: कालव्याचं पाणी १८ तारखेला सुटणार. ते रानाला देऊन, माती पेरणीजोगी झाली की घेवडा टोकायचा. या ओलीवर बी उगवलं नाही तर पुढचं पाणी महिन्यानं, आणि तोवर थंडी. म्हणजे वर्षभराचा घेवडा गेला. घर त्या घेवड्यावर चालतं. म्हणून बियाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

बी घरचं आहे. गेल्या वर्षी मी स्वतः निवडलेलं. काळ्या ड्रममध्ये, झाकण घट्ट, त्यावर दोन कुलुपं, आणि ड्रम माळ्यावर पत्र्याला लागून. पत्रा असा तापतो की चोराचा हात भाजेल. धाकटा भाऊ (शेजारचं रान त्याचं) आपलं बी आठ दिवस उन्हात वाळवतो आणि चुलीतली राख मिसळून डब्यात ठेवतो. स्कूटरवालीचीच शिकवण. मी उन्हात वाळवत नाही. अंगणात बी पसरलं की किती आहे ते चार लोकांना दिसतं.

राखेतलं बी. हसू आलं.

६ ऑक्टोबर

बायको म्हणते, पेरण्याआधी बी तपासू. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि आठवड्यानं किती कोंब आले ते मोजायचे. सत्तरच्या वर आले तर पेरायचं, कमी आले तर बी बदलायचं. म्हणजे माझी परीक्षा आता एक पोतं घेणार. मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली.

हिचं 'बरं' मी ओळखून आहे.

७ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला (दहापर्यंत). परीक्षा झाली तर नाव माझंच होणार. परवानगी दिली.

ड्रम उघडायला गेलो तर दुसऱ्या कुलपाची चावी नाही. कुठे ठेवली ते गेल्या वर्षीच्या रोजनिशीत नक्की लिहिलेलं. जुन्या रोजनिश्या माळ्यावरच आहेत. दोन जाड वह्या, चांगला कागद, दोरीनं बांधलेल्या. कुणी शोधायला आलंच तर फसावं म्हणून गठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'रद्दी' लिहून ठेवलंय. एवढं डोकं सगळ्यांना नसतं.

वही उघडली. लिहिलं होतं: 'चावी सुरक्षित जागी ठेवली.'

कुलूप हातोड्यानं फोडलं. हातोडा बायकोनं आधीच आणून ठेवला होता. का, ते विचारायचं राहिलं. ड्रममधून कुबट वास आला. मुरलेल्या बियाचा वास असतोच.

८ ऑक्टोबर

शंभर दाणे मोजले. तिनं एकदा, मी तीनदा. पोतं भिजवून गुंडाळी केली आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या टाकीमागे ठेवली. दोरीची गाठ मी मारली. खुणेची गाठ. कुणी हात लावला तर कळेल.

१० ऑक्टोबर, दुपारी

बायको स्कूटरवालीच्या मीटिंगला गेलेली. गाठ सोडली. (मी सोडली तर चालते.)

शंभरात दोन कोंब. दाणे बुळबुळीत. कुणीतरी काहीतरी केलंय. पाण्यात काही मिसळलं असेल, नाहीतर पोतंच तसलं दिलं असेल. उद्देश उघड आहे: माझं बी पाडायचं आणि धाकट्याचं चढवायचं.

मग ठरवलं की परीक्षकाचीच परीक्षा घ्यायची. धाकट्याकडे गेलो आणि नुसतं बघायला म्हणून दोन मुठी बी मागितलं. त्याच्या बायकोनं डबा उघडून दिलं, कशाला ते विचारलंही नाही. संशयास्पद. घरी येऊन त्यातले शंभर दाणे मोजून पुसले, पोत्यात ठेवले, गाठ परत मारली. माझे शंभर कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी निम्मे सोडले. कोंबड्यांचे नखरे वाढलेत.

ही फसवणूक नाही. ही पडताळणी आहे. हाताला राख लागली होती, ती शर्टाला पुसली.

११ ऑक्टोबर

बायकोनं विचारलं, शर्टाला राख कशी. स्कूटरची धूळ म्हणालो. बरं म्हणाली.

१६ ऑक्टोबर

चौऱ्याण्णव!

सगळ्यांसमोर मोजले. शंभरात चौऱ्याण्णव कोंब. धाकट्यानं त्याच्या घरी तपासलं तेव्हा एक्याण्णव निघाले होते. म्हणजे मी तीन दाण्यांनी पुढे. मोठा तो मोठाच. धाकटा म्हणाला, दादा, भारीच की. आवाजात मत्सर होता, पण लपवला त्यानं.

स्कूटरवालीनं अभिनंदन केलं. बी कसं साठवलंत म्हणाली. पाऊण तास सांगितलं: ड्रम, पत्रा, कुलुपं. ती लिहून घेत होती. आता वाटतं जरा जास्तच सांगून बसलो. पद्धत माझी आणि नाव संस्थेचं होणार.

तरी पोत्याची युक्ती शास्त्रीय आहे, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

बायको मोजणीनंतर बराच वेळ पोत्याकडे बघत होती. नखानं काहीतरी करडं खरवडलं आणि बोटांत चोळून पाहिलं.

१८ ऑक्टोबर

कालव्याचं पाणी आलं. रान भिजवलं. चार ठिकाणी मी स्वतः उभा राहिलो. धाकटा बांध फोडेल असं वाटत होतं. त्यानं चहा आणून दिला. प्यायलो. सावधपणे.

२२ ऑक्टोबर

टोकण. चोवीस सऱ्या. बायकोनं अट घातली, बारा तिच्या आणि बारा माझ्या. मान्य केलं. एकाच रानात पाइपची फजिती सगळ्यांना शेजारी शेजारी दिसेल.

तिनं विचारलं, तुमच्या सऱ्यांत एका भोकात दोन-दोन दाणे टाकता का. मी म्हणालो, चौऱ्याण्णव. थोड्या वेळानं परत विचारलं. परत म्हणालो, चौऱ्याण्णव.

ती पाइप घेऊन टाक-टूक करत दुपारी मोकळी झाली. मी ड्रममधलं बी घेऊन, वाकून, रीतसर, दिवस मावळेपर्यंत. तिच्याकडे बियाची वेगळी पिशवी दिसली. विचारणार होतो, पण तेव्हा सरळ होता येत नव्हतं.

कमरेचं दुखणं जुनं आहे. पेरणीशी संबंध नाही.

२४ ऑक्टोबर

गंभीर. जुन्या रोजनिश्या गायब! माळ्यावर नुसती दोरी पडली आहे.

साठवणुकीची पद्धत त्यात पहिल्यापासून लिहिलेली. स्कूटरवालीला नेमकी तीच हवी होती. धाकट्यानं शिडी धरली असणार. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती कुणाच्या बाजूची ते आधी ठरवायचंय.

आजपासून ही वही सांकेतिक भाषेत लिहिणार. क म्हणजे भाऊ, ख म्हणजे बायको, ग म्हणजे स्कूटरवाली.

२५ ऑक्टोबर

आज क च्या ख नं ख ला ग चा निरोप दिला. वाचून मलाच कळेना. सांकेतिक भाषा बंद.

न्हाणीमागे बायकोनं जुन्या क्रेटमध्ये काहीतरी मांडून वर ओलं पोतं टाकलंय. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडते. बघायला वेळ नाही. माझं लक्ष खऱ्या धोक्यावर आहे.

३० ऑक्टोबर

तिच्या बारा सऱ्या उगवल्या. एकसारख्या, एका रेषेत. माझ्या सऱ्यांत दहा भोकांमागे जेमतेम चार.

संशयितांची यादी: एक, पाखरं. दोन, मुंग्या. तीन, पाइप. पाइप दाबल्यामुळे माझ्या बाजूची ओल तिच्या बाजूला सरकली असणार. चार, धाकटा.

३१ ऑक्टोबर

सकाळपासून बांधावर गोफण घेऊन पाखरांवर पाळत. एकही आलं नाही. पाखरांना कुणीतरी आधी सांगितलं असावं. अकराच्या सुमारास थोडा डोळा लागला. उठलो तेव्हा अंगावर सावलीला टॉवेल ताणलेला होता, दोन काठ्यांवर. धाकट्याचा टॉवेल. त्याचा हेतू कळला नाही.

१ नोव्हेंबर

माझ्या सरीतलं एक भोक बोटानं उकरलं. दाणा होता. ना पाखरानं नेला, ना मुंगीनं. हातात घेतला तर त्याचं पीठ झालं. वास तोच, ड्रममधला.

आणखी सात भोकं उकरली. सगळीकडे तेच.

पाणी आता महिन्यानं. आज भीती वाटली. आणखी काही लिहायचं नाही.

२ नोव्हेंबर

बायकोला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी कोंबड्यांपासून सुरुवात केली होती. पोत्यातले दाणे बदलले, माझे नव्हते, धाकट्याचे होते. चौऱ्याण्णव त्याचे.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, माहीत आहे. पोत्यात राख होती. आपल्या घरात कुठलं बी राखेत असतं? मोजणीच्याच दिवशी तिनं जावेकडून बी आणलं होतं. तिच्या बारा सऱ्यांत तेच होतं.

मी चिडलो. मग मला अडवलं का नाहीस, असं विचारलं.

"अडवलं असतं तर तुम्ही चोवीसच्या चोवीस सऱ्या ड्रममधल्या बियानं पेरल्या असत्या."

यावर बराच विचार केला. ती बरोबर बोलते आहे, असं एका बाजूनं वाटतं. दुसरी बाजू सापडली नाही.

म्हणाली, आता उठा आणि न्हाणीमागचे क्रेट रानात न्यायला मदत करा.

३ नोव्हेंबर

क्रेटमध्ये घेवड्याची रोपं होती. कागदाचे छोटे कप, त्यात माती, प्रत्येकात एक रोप, दोन-दोन पानांचं. आठशे. पेरणीच्याच दिवशी तिनं आणि जावेनं लावली होती. बी उगवलं नाही त्या जागी रोप कपासकट पुरायचं, कागद मातीत कुजतो. ही सोय स्कूटरवालीनंच सांगितलेली. म्हणजे या वर्षीचा घेवडा वाचतो. हे लिहून थोडा वेळ आडवा झालो. कमरेमुळे असेल.

पहिला कप हातात घेतला तर अक्षर ओळखीचं वाटलं. फिरवून वाचलं. 'संकल्प: या वर्षी कुणावरही विश्वास ठेवायचा नाही.' त्याच्या तळातून पांढरी मुळं बाहेर आली होती.

दुसऱ्यावर चावीची सुरक्षित जागा. तिसऱ्यावर धाकट्याबद्दल. तो तेव्हा शेजारच्याच सरीत बसून खड्डे करत होता. तो कप मी पटकन पुरला, जरा खोलच.

बायकोला विचारलं, या वह्यांमधलं काय काय वाचलंस. म्हणाली, वाचायला वेळ कुणाला आहे. कागद जाड होता, आणि वर रद्दी लिहिलं होतं.

दोन वर्षं मी त्या जपल्या, कुणी वाचू नयेत म्हणून. कुणी वाचल्या नाहीत. वाईट वाटलं.

४ नोव्हेंबर

सगळी रोपं लागली. माझ्या सऱ्याही आता भरल्यासारख्या दिसतात. राहिल्यात साठ जागा. आणखी साठ कप लागणार, म्हणजे तीस पानं. एवढी मदत तर मी करूच शकतो. ही वही आणली आणि मागची कोरी पानं फाडायला घेतली. तिनं माझा हात धरला.

"कोरी राहू द्या. लिहिलेली द्या."

जानेवारी सगळा दिला. पहिल्याच पानावर या वर्षीचा संकल्प होता. कोणता, ते आता आठवत नाही.