चांदीची पिसं

१२ जानेवारी

घड्याळमामा आज स्पष्टच बोलून गेले! दारातून आत येण्याआधी मनगटाकडे बघतात, म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. पिस्तुलांचं दुकान त्यांचं. विक्री-दुरुस्ती ते करतात आणि कुणाला मूठ चांदीची हवी असली की ते काम माझ्याकडे येतं. बाबांपासून चालत आलंय.

म्हणाले, "ताई, तुमच्या हातात जादू आहे, पण पायात बेड्या आहेत. लोक मला विचारतात, मामा, मूठ या जन्मात मिळेल ना? पलीकडे एकाने मशीन आणलंय. आठवड्यात देतो. हे एक काम एप्रिलअखेर द्या. नाही दिलंत तर मी तिकडे गेलो म्हणून समजा."

मशीनची मूठ मी पाहिली आहे. सगळी पानं एका मापाची. एकही पान वाऱ्याने हललेलं नाही.

आई आतून, "ऐकलंस? तुझं आपलं कायम वरातीमागून घोडं!"

हे काम गेलं तर मला दुसरं येतं काय? पंचेचाळिसाव्या वर्षी कुठे जाऊ?

१५ जानेवारी

ज्यांचं काम आहे त्या बाई स्वतः आल्या. सहसा कुणी येत नाही इथे. जिना अंधारा, त्यात राळेचा वास. साठीच्या असतील. जाड चष्मा, कोटाची बटणं एक सोडून एक लावलेली. पिस्तूल त्यांच्या साहेबांचं, म्हणजे यजमानांचं. साहेब निवृत्त अधिकारी.

बाकावर बसून राहिल्या. मग विचारलं, "ते पिस्तूल इथेच असतं का?"

सांगितलं, नाही. पिस्तूल मामांच्या तिजोरीत. माझ्याकडे येतात त्या मुठीच्या फक्त दोन लाकडी बाजू. त्यांच्यावरून माप घेऊन चांदीचा पत्रा घडवायचा.

"म्हणजे तुमचं होईपर्यंत तेही तिथेच?"

"हो. मुठीशिवाय मामा हातात देत नाहीत."

"बरं," म्हणाल्या. "सावकाश करा." असं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नव्हतं!

२ फेब्रुवारी

वेल काढून झाली होती. राळ गरम केली, पत्रा बसवला, मागून ठोकून पहिली चार पानं उठवली. छान उठली. तेवढ्यात बाई आल्या. हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहे हो. पण वेल नको. पक्षी हवा."

पत्रा सपाट केला. तापवला. पुन्हा पहिल्यापासून!

आई म्हणते, "तुला शोभेल अशीच मिळाली एक."

११ फेब्रुवारी

पक्ष्याची चोच जमत नाही. डोळे दुखतात.

१९ फेब्रुवारी

आज बाई बोलल्या. आई चहा घेऊन आली आणि तिने नेहमीसारखं थेट विचारलं, "मुलंबाळं?" मी डोळे वटारले, पण तीर सुटला होता.

एकच मुलगा होता. गेला. गाडी घसरली. साहेबांनीच त्याला त्या दिवशी पाठवलं होतं, कसल्याशा किरकोळ कामाला. तेव्हापासून साहेब घरात बोलत नाहीत. बाई म्हणाल्या, "दिवसभर नुसते खुर्चीत. पिस्तूल काढायचे, पुसायचे, ठेवायचे. पुन्हा काढायचे. मी स्वयंपाकघरातून बघत असायचे."

आईने स्वतःचा चहाही त्यांच्यापुढे सरकवला. एकही टोमणा नाही.

त्या गेल्यावर कितीतरी वेळ हातोडी उचलवेना. नवऱ्याचं कशात म्हणून लक्ष लागत नाही, उरलंय ते त्या एका वस्तूत. आणि ही बाई तीच वस्तू चांदीने मढवून त्याच्या हातात देऊ बघते! किती माया असेल. माझ्यासाठी कुणी काही मढवलं नाही. आमच्या ह्यांनी घर सोडताना माझी छत्रीसुद्धा नेली. हसू येतं आता. तेव्हा नव्हतं आलं.

५ मार्च

बाबा सांगायचे, मूठ आपली, पुढचं आपलं नाही. गोळी, नळी, घोडा, कशाचा विचार करायचा नाही. मी इतकी वर्षं नाही केला. भरलेलं पिस्तूल मी हातातही धरलेलं नाही. आज उगाच वाटलं, मी जे गोंजारून गोंजारून गुळगुळीत करते, ते कुणाकुणाच्या तळव्यात जाऊन बसत असेल?

पाऊस. छिन्नीला धार लावली, झोपले.

१४ मार्च

पक्षी उठला! मान वळवून मागे बघतोय. बाई आल्या, चष्मा वर करून, पत्रा डोळ्यांशी नेऊन बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. म्हणाल्या, "पिसं एकेक दिसायला हवीत."

"एकेक? बाई, दोन्ही बाजूंची मिळून…"

"लागू दे वेळ लागला तर. मी कुठे घाई करतेय?"

एकेक पीस म्हणजे बारीक छिन्नी, श्वास धरून. एक रेघ चुकली तर पूर्ण पंख गेला.

१५ मार्च

मामांचा फोन. "पिसं? कसली पिसं? ताई, साहेबांचे मला रोज फोन येतात! कधी, कधी, कधी! आणि बायको तुमच्याकडे येऊन पिसं मोजते? नवरा-बायको एका घरात राहतात ना?"

मी म्हटलं, असतील काही बेत. भेट द्यायची असेल.

"बेत त्यांचे, शिव्या मला!"

२८ मार्च

उजवा पंख झाला. डावा अर्धा. मान आखडली आहे. आईने तेल चोळून दिलं आणि चोळता चोळता टोमणाही, "आजचं मरण उद्यावर ढकलायची हौस तुझ्या बापालाही होती." पण हात हलका होता तिचा.

६ एप्रिल

बाई बहिणीकडे गेल्या. बहीण आजारी, महिनाभर राहावं लागेल. जाण्याआधी येऊन गेल्या. डावा पंख पाहिला आणि सांगितलं, शेपूट पुन्हा करा. मला तर शेपटीत काही खोट दिसेना.

जिन्यात थांबल्या, वळल्या. "मी येईपर्यंत राहू दे तुमच्याकडेच. नक्की ना?"

"तुम्ही आल्यावर बघा तर खरं," मी म्हटलं. आणि त्यांचा हात हातात घेतला. गार होता. फार वाईट वाटलं मला त्यांच्याकडे बघून.

७ एप्रिल

ठरलं. शेपटीला हात लावायचा नाही, ती चांगली आहे. बाई इतक्या दुःखी आहेत की त्यांना काहीच पुरेसं वाटणार नाही. जगात काहीच नीट नाही, मग शेपूट कशी नीट वाटेल! कुणीतरी त्यांना सांगायला हवं की झालं, पूर्ण झालं, आता पुरे. सोनारानेच कान टोचावेत. मी वेळेत देणार. त्या परत येतील तेव्हा वस्तू घरी असेल, साहेबांच्या हातात. मामांचाही शब्द राहील, माझंही काम राहील. आयुष्यात एकदा तरी!

१३ एप्रिल

डावा पंख झाला. कानस, मग बारीक पॉलिश. बोटांची सालं गेली. बाबांची पद्धत अशी की काम झालं की कापडात गुंडाळून ठेवायचं, काही दिवस बघायचंच नाही, मग नव्या डोळ्यांनी बघायचं. माझी सगळी दिरंगाई त्यातच जाते. नव्या डोळ्यांना नेहमी काहीतरी खुपतं.

या वेळी गुंडाळलं नाही.

१५ एप्रिल

मामांना दिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे. "ताई, तब्येत बरी आहे ना?"

खूप हसलो दोघं. मग भिंगातून पाहिलं त्यांनी आणि हसणं थांबलं. "हे मशीनच्या बापाला जमणार नाही," म्हणाले.

घरी आल्यावर आईने माझी दृष्ट काढायचं तेवढं बाकी ठेवलं.

१७ एप्रिल

साहेब स्वतः दुकानात आले! मामांनी फोनवर सगळं सांगितलं. उंच, ताठ, दाढी वाढलेली. मूठ बसवून दिली तेव्हा पंखावरून कितीदा अंगठा फिरवला. मामांना म्हणाले, "ज्यांनी केलं त्यांना सांगा, हातात अगदी नीट बसली." किती महिन्यांत माणूस असं कौतुकाने बोलला असेल! मामांनी आणखी दोन कामं देऊ केली.

मी खिडकीशी बसून रडले थोडी. चांगलं रडू. बाईंच्या बहिणीचा पत्ता असता तर आजच कळवलं असतं.

१८ एप्रिल

दिवसभर झोपले. राळेची वाटी घासायची आहे.

२३ एप्रिल

बाई आल्या. आत आल्या नाहीत, दारातच उभ्या. साहेब गेले. रविवारी, घरात कुणी नसताना, त्याच पिस्तुलाने.

मी उठले. त्या रडत नव्हत्या. ओरडल्याही नाहीत. माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाल्या, "ते घरात नको म्हणून तर तुमच्याकडे दिलं होतं हो. मी सगळीकडे विचारून आले होते. सगळे म्हणाले, त्या बाईकडे द्या, ती वर्ष वर्ष देत नाही."