रुसेंगेचा ओला उतार

१ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. बावीस तारखेच्या ड्युएथलॉनमध्ये उतरायचं. आधी धावणे, मग रुसेंगेची टेकडी ओलांडून सायकल, मग पुन्हा धावणे. वय त्रेचाळीस. वजन इथे लिहायची गरज नाही.

मला स्वतःला काही सिद्ध करायचं नाही. बायकोची, स्पेसिओझची, भीती घालवायची आहे, बस्स. ईस्टरच्या पावसात रुसेंगेच्या उतारावर आमची सायकल घसरली. बायको मागे कॅरियरवर. मामेबहिणीच्या लग्नाला निघालेली, अंगावर एका खांद्यावर गाठ मारलेली नवी कोरी रेशमी मुशानाना. दोघंही केळीच्या बागेशेजारच्या चरात. ब्रेकचा दोष. तेव्हापासून ती माझ्यामागे बसत नाही. दर रविवारी चर्चहून येताना मी सायकल हातात धरून चालतो, ही शेजारून चालते आणि अख्खं हुये शहर बघतं. इन्शुरन्स एजंट माणूस मी! लोक म्हणणार, घरच्या बाईचा याच्यावर भरवसा नाही आणि हा आपल्याला पॉलिसी विकतोय.

आज तिच्याकडून वदवून घेतलं. भर पावसात सायकलवरून न उतरता रुसेंगेचा उतार पार करून दाखव, मग बसते, म्हणाली. आणि घेवडा सोलायला लागली. बिचारी. कशी घाबरलीय.

४ नोव्हेंबर, मंगळवार, पहाटे ५

उठलो. पाऊस. परत झोपलो. विश्रांती हासुद्धा सरावच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सराव जोरात. रुसेंगेचा चढ सायकलवर चढलो (बराचसा). उतरताना चालत आलो, कारण चेन वेगळाच आवाज करत होती. रताळ्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका भराभर पुढे गेल्या. एका आजीने विचारलं, पंक्चर का रे बाळा? हो म्हणालो. वडीलधाऱ्यांना नाही कशाला म्हणायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

मेव्हणा जेवायला. नेपोम्युसेन, स्पेसिओझचा धाकटा भाऊ. सायकल-टॅक्सी चालवतो आणि त्याहून जास्त तोंड चालवतो. माझं सायकल चालवणं बघायचंय म्हणाला. अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. म्हणे, दाजी, ब्रेक इतके पिळताय, ही सायकल आहे की गाय दोहताय? स्पेसिओझ हसून हसून आत गेली. मी शर्यतीत उतर म्हटलं तर म्हणतो, शनिवारी बाजार असतो, धंदा सोडून फुकट कोण पळेल. घाबरतो, झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

युक्ती सुचली! इतकी साधी की मीच चकित.

आपल्याकडे पाऊस आला की सगळं थांबतं. मोटारसायकलवाला गिऱ्हाइकाला जवळच्या पडवीत सोडतो आणि स्वतःही उभा राहतो. मीटिंग थांबते, लग्न थांबतं. उशिरा पोहोचलो आणि "पाऊस होता" म्हटलं की विषय संपला. मग शर्यत काय आभाळातून पडलीय? तीही थांबणार. जो जिथे असेल तिथे आडोशाला, पाऊस उघडला की पुढे. नियमांत तसं लिहिलेलं नाही, पण लिहायचं काय त्यात? जेवताना तोंड उघडा असं कुठे लिहितात?

म्हणजे करायचं एवढंच. पाऊस येण्याआधी रुसेंगेचा माथा गाठायचा. तिथे दुधाचं दुकान आहे, ओटा रुंद आहे.

स्पेसिओझची अट या योजनेत जरा बसत नाही. बघू.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मानसिक सराव. पाऊस पडत असताना पडवीत खुर्ची टाकून डोळे मिटले आणि मनातल्या मनात रुसेंगे उतरलो. वळणावर मनातल्या मनात सायकलवरून उतरलो. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा वळण. मग डोळा लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. आता माघार नाही.

संध्याकाळी स्पेसिओझ जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, तुला भीती वाटत असेल तर नको जाऊस, मी कुणाला काही सांगणार नाही. मला? भीती? इतका हसलो की ठसका लागला. म्हटलं, भीती तुझी आहे, मी फक्त औषध देतोय. तिने आंबट दुधाचा पेला पुढे सरकवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आभाळ स्वच्छ. काय हे! एवढी तयारी केली आणि पाऊसच नाही. फार वाईट वाटलं. दोनदा बाहेर जाऊन खात्री केली.

२२ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

शांतपणे लिहितो.

पहिलं धावणं उत्तम. शेवटचा नव्हतो. मागे फादर गाब्रिएल होते, वय पासष्ट. चढावर एकाला मागे टाकलं. (त्याची चेन निघाली होती.) माथ्यावर पोहोचतो तोच पाऊस, असा की समोरची टेकडीच गायब. योजनेप्रमाणे दुधाच्या दुकानाच्या ओट्यावर चढलो. तिथे मोटारसायकलवाले, एक कोबीवाली म्हातारी, अशी नेहमीची मंडळी. सरकून जागा दिली. आलं घातलेला दुधाचा चहा घेतला.

आणि सगळे स्पर्धक समोरून गेले. एकही थांबला नाही! म्हातारी म्हणाली, अगं बाई, ही कुणाची पोरं, यांना आया नाहीत का? मी सांगितलं, सगळे बाद होणार बघा. शेवटी फादर गेले, मोठमोठ्याने काहीतरी म्हणत. प्रार्थना असावी.

मग नेपोची सायकल-टॅक्सी आली. मागे कॅरियरवर एका अंगाने बसलेली, उघडी छत्री, चपला हातात, माझी बायको. मी पोहोचायच्या आत, शर्यत संपते त्या बाजाराच्या मैदानात उभं राहायचं म्हणून निघालेली. चक्क हसत होती! आमची नजरानजर झाली. मी ओट्यावर, हातात कप. नेपो ओरडला, दाजी, साखर बेतानं घ्या! ओट्यावरचे सगळे हसले. स्पेसिओझचं हसू मात्र तेवढ्यात गेलं. तिने नुसता हात वर केला. आणि गेले, वळणावरून, सुसाट.

मला रडू येईल असं वाटलं. हे लिहायचं नव्हतं. तिला उताराची भीती नाही. मग कशाची होती, यावर तिथे जास्त विचार केला नाही. बहुधा माझ्या सरावाचा तिच्यावर झालेला परिणाम.

मी ताबडतोब निघालो. म्हणजे आधी बुटांची नाडी. मग हेल्मेट. मग ब्रेक तपासले, दोनदा. म्हातारी म्हणाली, थांब की बाबा, उघडतोय पाऊस. म्हटलं, आजी, इथे इज्जतीचा प्रश्न आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून आणखी एक चहा घेतला. मग निघालो.

आणि उतरलो! ते वळणसुद्धा! पाय जमिनीला लावला नाही. संपूर्ण उतार मी एक स्तोत्र म्हणत होतो. लोकांना ती किंकाळी वाटली असेल. खाली आलो तेव्हा डोळ्यांतून पाणी. वाऱ्यामुळे. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मग धावत मैदानात पोहोचलो. मंडप उतरवत होते. स्पेसिओझ उभी होती. पावसात उतरलास? एवढंच विचारलं. हो म्हणालो. नेपोने माझ्या कोरड्या शर्टाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. म्हणे, दाजी, ऊन पडून किती वेळ झाला. मी शांतपणे सांगितलं, झाडांवरून पडतच होता.

स्पेसिओझ त्याला म्हणाली, गप रे. आणि पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

विजय!

चर्च सुटल्यावर सगळ्यांच्या देखत स्पेसिओझ माझ्या कॅरियरवर बसली. मी विचारलंही नव्हतं. एक हात माझ्या कमरेला. फादरांनी पाहिलं, गिऱ्हाइकांनी पाहिलं. सपाट रस्त्याने मी अशी सायकल हाणली की काय सांगू. मन भरून आलं होतं.

रुसेंगेच्या माथ्यावर मानेवर एक थेंब पडला. मग दुसरा. मग कोसळलाच. लोक धावत ओट्यावर चढले. स्पेसिओझ कानाशी म्हणाली, थांबू नकोस, चल. आणि हात आणखी घट्ट केला.

मी सायकलवरून उतरलो. ती नाही उतरली. छत्री उघडून आम्हा दोघांवर धरली आणि बसून राहिली. मी दोन्ही हातांनी हँडल धरून, एकेक पाऊल टाकत, सायकल खाली नेली. ओट्यावरून बरेच जण बघत होते.

ती अजिबात घाबरली नाही. संपूर्ण उतारभर मी तिला सांगत होतो, घाबरू नकोस, मी आहे.