नायकाच्या चौकटीत चादरीवाली

मंगळवार, ता. ९, दुपारचे तीन

चि. धाकटी हिस,

थोरलीचे आशीर्वाद. माझी तब्येत ठीक. गुडघा तेवढा तुझ्यासारखा आहे, मनात येईल तेव्हा बोलतो. फरक इतकाच, की तो अकरा वर्षं गप्प बसत नाही.

अक्षर वाकडं आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत याहून सरळ होत नाही. लाल शाईने सुधारून परत पाठवू नकोस, एवढी दया कर.

लिहायचं कारण भिंगरी. माझ्या लेकीची लेक. तू पाहिलीस तेव्हा अंगठा चोखत होती, आता मला शहाणपण शिकवते. तिच्या वर्गाला विज्ञानकथा लिहायला सांगितलीय. मी विचारलं, म्हणजे काय गं? म्हणाली, अजून घडलं नाही पण पुढे घडू शकेल असं. मी म्हटलं, मग सोपं आहे, तुझा बाबा घर आवरतो असं लिही. लेक खो खो हसली. जावई पेपरात शिरला तो जेवायलाच बाहेर आला.

तर वर्गबाईंनी मुलांना एक छापील कागद दिला. कथेचा आराखडा म्हणे! सहा चौकटी. नायक, साल, ठिकाण, शोध, संकट, शेवट. नायकाच्या चौकटीत कंसात बारीक अक्षरात, 'शास्त्रज्ञ, अंतराळवीर किंवा हुशार विद्यार्थी'. बाई गं! चूल पेटायच्या आधीच कुणी किती ढेकर द्यायचे ते ठरवून ठेवण्यातला प्रकार. ज्याने हा कागद केला त्याने जन्मात एका पोराला गोष्ट सांगितली नसणार, असं मी चांगलं मोठ्याने म्हटलं. मग तळाशी तुझं नाव दिसलं. पुढे मुख्याध्यापिका, निवृत्त. निवृत्तसुद्धा कंसात.

असो. भिंगरीने चौकटी भरल्या. साल तेवीसशे, मंगळाकडे जाणारं यान, शास्त्रज्ञ, बिघडलेला यंत्रमानव, शेवटी सगळे वाचतात. सगळं जागच्या जागी, आणि पहिलं वाक्य काही येईना. तीन दिवस! खोडून खोडून कागदाला भोक पडलं. पोरगी रडवेली झाली, तेव्हा मी तिच्यापाशी जाऊन बसले.

"तुझा शास्त्रज्ञ सकाळी उठून काय करतो?"

"शोध लावतो."

"तोंड धुवायच्या आधी?"

"आजी, ते चौकटीत नाहीये."

"किती दिवसांचा प्रवास?"

"सात महिने."

"मग सात महिने यांच्या चादरी कोण धुतं?"

पेन्सिल थांबली. आणि मला काय, तेवढंच निमित्त पुरतं. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईत काढली मी. डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळायचं, कुठल्या खाटेचा ताप उतरत नाही. कोण उशीत तोंड खुपसून रडतं, ते अभ्र्यावरची मिठाची कड सांगायची. एक बडे डॉक्टर होते रात्रपाळीचे. त्यांच्या खोलीतली चादर आम्ही पाठवायचो तशीच परत यायची, घडीच्या रेघांसकट. सगळं इस्पितळ हळहळायचं, बिचारा रात्रभर पाठ टेकत नाही. आम्ही म्हणायचो, टेकतो, पण घरी.

भिंगरी आधी हसली. मग कागद उलटा केला, तुझ्या चौकटी खाली तोंड करून, आणि लिहिलं. उतरवून देते बघ:

'कप्तानाची चादर तीन आठवडे घडीच्या रेघांसकट परत येत होती, आणि ही गोष्ट यानावर फक्त चादरीवालीला माहीत होती.'

"आजी, तो झोपतच नाही! तो माणूस नाहीये!"

या कार्टीचा निबंध म्हणजे चार ओळी, त्यातल्या तीन हवेबद्दल. तिने एका बैठकीत दोन पानं लिहिली, जिभेचं टोक बाहेर काढून. पुढे चादरीवाली कुणाला सांगायला जाते, तर कुणी ऐकून घेत नाही. शेवट अजून व्हायचाय. मला दहादा वाचून दाखवलं, मी अकराव्यांदा मागितलं.

शुक्रवारी वर्गबाईंकडून कागद परत आला. नायकाच्या चौकटीत तिने शास्त्रज्ञ खोडून 'चादरीवाली' लिहिलं होतं, त्याभोवती लाल गोल. 'असा नायक चालणार नाही. आराखडा पाहा. पुढच्या सोमवारपर्यंत बदल.'

मी गेले शाळेत. वर्गबाई पोरसवदा आहेत, वाईट नाहीत, फक्त कण्याच्या जागी पट्टी आहे.

"आजी, कल्पना छानच आहे हो. पण मुलांपुढे काही आदर्श नको का? आणि आराखडा मोठ्या बाईंचा आहे, आम्ही कसा मोडणार?"

मोठ्या बाई! या मोठ्या बाईंना शाळेचा एकच गणवेश होता आणि तो सहा वर्षं रोज संध्याकाळी कुणी धुतला, सकाळी कुणी इस्त्री केला, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. गिळायची सवय तूच लावलीस.

तू निवृत्त झालीस, त्या निरोपाच्या दिवशी मी पाळी संपवून तशीच आले होते. हाताला साबणाचा वास होता, मान्य. पाहुण्यांनी विचारलं, या कोण? तू म्हणालीस, "या आमच्या कपड्यांचं बघतात." खोटं एक अक्षर नाही बोललीस, म्हणून तर भांडताही आलं नाही. मी चहा तसाच ठेवून निघाले. लगेच तुझी दोन पत्रं आली, मी फोडली नाहीत. त्यात काय होतं ते आता सांगू नकोस.

मला काही नको तुझ्याकडून. पण पोरगी खोडरबर घेऊन बसलीय. म्हणते, "शास्त्रज्ञ करून टाकते आजी, नाहीतर देतच नाही गोष्ट." आता खोडलं तर ही पुन्हा चार ओळींवर जाईल, मी ओळखते तिला. तेव्हा वर्गबाईंना एक ओळ लिही, की कंसातलं धरून बसू नका. कंस तू घातलास, तुझंच ऐकतील. शाळा तुझीच, वर्गबाईंचं नाव पाठीमागे आहे. सोमवारच्या आत पोचायला हवं.

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं. तळाचं नाव वाचून भिंगरीने विचारलं होतं, "या कोण गं आजी?" मी म्हटलं, "असेल कुणी मास्तरीण."

किती पटकन निघालं तोंडातून! विचारसुद्धा केला नाही. त्या दिवशी तुझंही तसंच झालं होतं का गं? अकरा वर्षं मला वाटत होतं, तू ठरवून बोललीस.

ती चार वाजता येईल. आली की दप्तर उतरायच्या आत सांगणार आहे. मग पाकिटावर तिच्याकडूनच लिहून घेईन, तुझं नाव, आणि नावाच्या वर, 'माझ्या आजीच्या सख्ख्या बहिणीस'. ते झाल्याशिवाय हे पत्र टपालात पडणार नाही. म्हणजे तुझ्या हातात आलं असेल, तर मी सांगितलं असं समज.

तुझी,
ताई